बिनसुईचा संघ



यंदा पाडव्याच्या लेझीमची तालीम संपली आणि सगळे चहाकडे वळले, तेव्हा आपल्या मंडळातल्या एका ताईंनी मला हळूच बाजूला घेतले. "अगं, तू केमिस्ट ना? मग जरा हे बघ," म्हणत त्यांनी पिशवीतून एक काळा, भला थोरला डबा काढला. डबा त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाचा. तो गेले वर्षभर सायकलच्या शर्यतींत उतरतो. डब्यावर पंचवीस-तीस घटकांची यादी होती आणि त्यातले निम्मे 'प्रोप्रायटरी ब्लेंड' या एकाच पांघरुणाखाली. मुलगा शेजारीच उभा होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मावशी, आमच्या ग्रुपमध्ये सगळेच घेतात."

ताईंना एका शब्दात उत्तर हवे होते, चांगले की वाईट. ते मला देता आले नाही. घरी येताना मात्र "सगळेच घेतात" हे दोन शब्द डोक्यातून जाईनात, कारण सायकलच्या धंद्यात या दोन शब्दांनी एक अख्खी पिढी खाल्ली आहे. आणि याच दोन शब्दांविरुद्ध एक संघ उभा राहिला होता, त्याची गोष्ट सांगावीशी वाटली. संपादकांनी (म्हणजे रात्री झेरॉक्स मशीनपाशी उभे राहणाऱ्या मंडळींनी) दोन पाने दिली आहेत, तेवढ्यात बसवते.

माझ्या पिढीची सायकलच्या शर्यतींशी पहिली ओळख झाली ती पिवळ्या रबरी पट्टीमुळे. २००५ साली मी पुण्यात शाळेत होते. वर्गात प्रत्येकाच्या मनगटावर ती पट्टी, बहुतेकांची फर्ग्युसन रस्त्यावरची नकली. कर्करोगातून उठून 'टूर द फ्रान्स' सात वेळा जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँग आमचा देवच होता. इथे राहायला आल्यावर कळले की आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचाही त्या कथेत वाटा आहे. १९९८ च्या वसंतात सायकल सोडून द्यायच्या बेतात असलेला आर्मस्ट्राँग सरावासाठी बूनला आला होता आणि बीच माउंटनच्या चढावर त्याचे मन पुन्हा शर्यतीकडे वळले, असे त्याने स्वतःच लिहिले आहे. २०१२ साली त्याची सातही जेतेपदे काढून घेतली गेली. माझी पट्टी तोवर कुठेतरी हरवली होती हे बरेच झाले.

आता तो संघ. जोनाथन वॉटर्स हा कोलोरॅडोचा सायकलपटू १९९८ आणि ९९ मध्ये आर्मस्ट्राँगच्याच संघात होता. पुढे तो एका फ्रेंच संघात गेला. २००१ च्या टूरमध्ये त्याला गांधीलमाशी चावली आणि डोळा सुजून बंद झाला. कॉर्टिसोनचे एक इंजेक्शन घेतले असते तर सूज उतरली असती, पण शर्यतीत ते वर्ज्य होते. त्या संघाने नियम पाळला आणि वॉटर्सला टूर सोडावी लागली. ज्या काळात पुष्कळजण नको ते टोचून घेत होते, त्या काळात नियम पाळणारा माणूस एका माशीमुळे घरी गेला!

निवृत्त झाल्यावर त्याने २००३ मध्ये डेन्व्हरकडे मुलांचा एक छोटा संघ काढला. पुढच्या वर्षी त्याला टीआयएए-क्रेफचे नाव मिळाले. (हो, आपल्यापैकी विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांचे निवृत्तीचे पैसे जिथे जातात, तीच.) २००७ साली डग एलिस या न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदाराच्या पैशांतून त्याचा मोठा व्यावसायिक संघ झाला. नाव स्लिपस्ट्रीम. आदल्याच वर्षी टूरचा विजेता फ्लॉइड लँडिस पकडला गेला होता, स्पेनमध्ये एका डॉक्टरकडे रक्ताच्या पिशव्या सापडल्या होत्या, आणि सायकलचे नाव काढले की प्रायोजक पळत होते. त्या वेळी या माणसाने सांगितले, आमचा संघ औषधाविना पळेल, आणि आम्ही आमची तपासणी आपणहून करून घेऊ.

असे म्हणणे सोपे असते. मला रस आहे तो पुढच्या भागात, म्हणजे ते करायचे कसे? इथे थोडे रसायनशास्त्र येणार, पण स्वयंपाकघराबाहेर जावे लागणार नाही.

एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ, हे आपल्याच मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. ते तांबड्या पेशी वाढवते. बाहेरून टोचले की रक्त घट्ट होते आणि स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. वरण घट्ट किती, हे जसे डाळ आणि पाणी यांच्या प्रमाणावर, तसेच रक्ताचे. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेमॅटोक्रिटला ५० टक्क्यांची मर्यादा घातली, कारण टोचलेले ईपीओ ओळखण्याची चाचणीच तेव्हा नव्हती. ती आली २००० साली. मर्यादा घातल्याचा परिणाम काय झाला असेल? ज्याचे मुळात ४२ आहे तो ४९ पर्यंत आरामात चढू लागला. आणि चाचणी आल्यावर मात्रा लहान ठेवू लागले, म्हणजे खूण लवकर पुसली जाते.

म्हणून स्लिपस्ट्रीमने प्रश्नच उलटा धरला. औषध सापडते का हे बघण्याऐवजी माणूस स्वतःसारखा राहतो का हे बघायचे. लॉस एंजेलिसच्या एका स्वतंत्र संस्थेकडून वर्षभर पुन्हा पुन्हा रक्त आणि लघवी तपासून प्रत्येकाचा आलेख काढायचा. तीन आठवड्यांच्या शर्यतीत रक्तातले पाणी वाढते, त्यामुळे हिमोग्लोबिन हळूहळू उतरायला हवे. वीस दिवस डोंगर चढूनही ते तसूभर उतरले नाही, तर कुठलेही औषध हाती न लागताही काहीतरी शिजते आहे हे कळते. आकडे विचित्र दिसले की त्या खेळाडूला शर्यतीत उतरवायचे नाही. २००८ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनेही 'बायॉलॉजिकल पासपोर्ट' म्हणून हीच पद्धत सुरू केली.

दुसरा नियम मला जास्त आवडतो. सुई नको. जीवनसत्त्वाचीसुद्धा नको. कारण ज्या दिवशी पोराला थकवा घालवायला बी-१२ टोचून घ्यायची सवय लागते, त्या दिवशी निम्मा रस्ता चालून झालेला असतो. सगळ्या सायकल संघांना हा नियम २०११ मध्ये लागू झाला.

टेस्टोस्टेरॉनची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाजारातले कृत्रिम टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या स्टेरॉलपासून करतात. रेणू हुबेहूब शरीरातल्यासारखा; फरक फक्त कार्बनच्या वजनात. निसर्गातल्या शंभर कार्बन अणूंत साधारण एक जड असतो. सोयाबीन, गहू, तांदूळ हा जड कार्बन कमी घेतात. मका, ऊस, ज्वारी, बाजरी जास्त. म्हणजे ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराचे टेस्टोस्टेरॉन पोळीभातावर वाढलेल्या माणसापेक्षा किंचित जड! मग खाण्यावरून घोटाळा होणार नाही का? नाही, कारण प्रयोगशाळा त्याच माणसाच्या शरीरातल्या दुसऱ्या स्टेरॉइडशी ताडून बघते. एकाच पिठाच्या दोन भाकऱ्यांत एवढा फरक कसा, असा तो सवाल असतो. लँडिसच्या प्रकरणात हीच चाचणी होती.

पण चाचणीला तिच्या मर्यादा असतात, आणि त्याचे उदाहरण आपल्या दारातलेच आहे. २००३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे निनावी माणसाकडून एक वापरलेली सिरिंज आली. पाठवणारा निघाला ट्रेव्हर ग्रॅहम, धावपटूंना आपल्या रॉलीत शिकवणारा प्रशिक्षक. सिरिंजमधल्या थेंबांतून यूसीएलएमध्ये डॉन कॅटलिन यांच्या प्रयोगशाळेने टीएचजी नावाचे नवेच स्टेरॉइड ओळखले. ते तोवर का सापडत नव्हते? कारण नेहमीच्या पद्धतीत नमुना यंत्रासाठी तयार करतानाच तो रेणू मोडून जाई. यंत्र प्रामाणिकपणे "काही नाही" म्हणत असे. ज्याने हे बनवले तोही केमिस्ट आणि ज्यांनी पकडले तेही केमिस्ट, त्यामुळे आमच्या जातीला फार मिरवायला जागा नाही. ग्रॅहमही काही साधू नव्हता. तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल २००८ मध्ये तो दोषी ठरला.

असो. २००८ मध्ये स्लिपस्ट्रीमला टूरचे निमंत्रण मिळाले, गार्मिनचे नाव आले, आणि ख्रिश्चन व्हँडे व्हेल्डे पाचवा आला. पुढे तिसरा आलेला गडी उत्तेजकात सापडला आणि व्हँडे व्हेल्डे चौथा झाला. २०१२ मध्ये रायडर हेस्येडालने इटलीची मोठी शर्यत, जिरो, जिंकली. इथे गोष्ट संपली असती तर छान झाले असते.

त्याच ऑगस्टमध्ये वॉटर्सने वर्तमानपत्रात लेख लिहून कबूल केले की खेळाडू असताना मीही घेत होतो. ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँगचा अहवाल बाहेर आला. त्यात या स्वच्छ संघाचे तीन मोठे खेळाडू, व्हँडे व्हेल्डे, झाब्रिस्की आणि डॅनियलसन, यांचे कबुलीजबाब. तिघांनीही आधीच्या संघांत घेतले होते. सहा-सहा महिन्यांची बंदी आली. पुढच्या वर्षी हेस्येडालनेही जुनी कबुली दिली.

मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चिडले. स्वच्छतेच्या पाटीखाली ही माणसे बसली होती तर! मग थोडे शांतपणे पाहिले. डेव्हिड मिलरला २००४ साली पोलिसांनी घरातल्या वापरलेल्या सिरिंजसकट धरले होते. त्याला या संघाने उघडपणे घेतले होते, तो भागीदारही होता. तपास यंत्रणेला खरे सांगणाऱ्याची नोकरी जाणार नाही, हे संघाने २०१० मध्येच जाहीर केले होते आणि २०१२ मध्ये ते पाळले. उलट, आपल्या एका खेळाडूला संघाच्या परवानगीशिवाय बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवणाऱ्या मॅट व्हाइट या संचालकाला २०११ च्या जानेवारीत काढून टाकले. वॉटर्सचा मुद्दा, माझ्या शब्दांत, असा की पोरगा वाईट असतो म्हणून घेत नाही. आयुष्यभराचे स्वप्न आणि प्रामाणिकपणा यांतले एकच उचल, असे त्याला विसाव्या वर्षी सांगितले जाते म्हणून घेतो. तो प्रश्न त्याच्यापुढे येणारच नाही अशी एक तरी जागा हवी. तशी जागा कोण बांधणार? ज्याने स्वतः चुकीचे उचलले होते, तोच.

तरी माझी एक तक्रार राहतेच. त्यांनी हे चार वर्षे आधी सांगायला हवे होते. आणि २०१५ मध्ये डॅनियलसन पुन्हा सापडला, या वेळी याच संघात असताना. आलेख, नियम, सगळे होते, तरी. संघ आजही आहे, नाव आता ईएफ. पण त्यातल्या कोणाविषयीही मी शपथेवर "स्वच्छ" म्हणणार नाही. माझ्या शास्त्रात तो शब्दच नाही. "आढळले नाही" एवढाच आहे.

आपल्याकडच्या तालमीत खुराक हा पवित्र शब्द. दूध, तूप, बदाम, थंडाई. त्यामुळे डबाही आपण खुराक समजूनच घेतो. पण तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचे २०१६ साली काय झाले ते आठवा. ऑलिंपिकच्या तोंडावर मेथँडायनोन सापडले. माझ्या खाण्यापिण्यात कोणी कालवले, असे त्याचे म्हणणे. भारतातल्या समितीने ते मानले, आंतरराष्ट्रीय लवादाने नाही. रिओमध्ये पोचलेला पैलवान आखाड्यात न उतरता चार वर्षांची बंदी घेऊन परतला. शरीरात काय गेले याचा हिशेब शेवटी त्याच्याकडेच मागितला गेला.

आणि इथल्या दुकानातल्या डब्यांबद्दल ताईंना जे सांगितले ते सर्वांसाठी लिहिते. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशा पुरवण्या विकायला येण्यापूर्वी एफडीएची मंजुरी लागत नाही. लेबल हे कंपनीचे म्हणणे असते. मुलगा शर्यतीत उतरत असेल तर निदान 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'सारखा शिक्का आहे का ते पाहा. या डब्यावर नव्हता. "तुझ्या लॅबमध्ये टाकून बघ ना," ताई म्हणाल्या. मी टाकू शकते, पण काय शोधू ते आधी सांगा. शोधले नाही ते सापडत नाही, रॉलीच्या सिरिंजने हेच शिकवले.

मुलाला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मी नाही घेतलं, आणि हरलो तर?" मी म्हटले, हरशील कदाचित. त्याला ते आवडले नाही. पण डबा त्याने परत मागितला नाही. तो सध्या आमच्या गराजमध्ये साबुदाण्याच्या पिशवीशेजारी आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तो, मी आणि मंडळातली आणखी चार-पाच मुले अमेरिकन टोबॅको ट्रेलवर सायकली घेऊन जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी टायरमध्ये हवा भरून यावे, पंप एकच आहे. पोहे माझ्याकडून.