पेसमेकरच्या जागी लाली दिसली तर

गळपट्टीच्या हाडाखाली, पेसमेकरच्या जागेवर लाली, ठणका, पू दिसला किंवा कातडी पातळ होऊन यंत्राची कड दिसू लागली, तर ते साधं गळू नव्हे. हळदीचा लेप नको. सुई टोचून पू तर मुळीच काढू देऊ नका. दर्यापूर भागात असाल तर तडक अमरावती किंवा अकोल्याचे हृदयरोगतज्ज्ञ गाठा. जंतू यंत्राला आणि तारांना चिवट थर करून चिकटतात, नुसत्या गोळ्यांनी सुटत नाहीत. आधी रक्ताचं कल्चर, मग अँटिबायोटिक, आणि बहुतेकदा यंत्र तारांसकट काढावंच लागतं.

संसर्ग टाळण्याची खरी वेळ शस्त्रक्रियेची: चिरेआधी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक. बॅटरी बदलण्यासारख्या जोखमीच्या शस्त्रक्रियांत यंत्राभोवती औषधी जाळीची पिशवीही घालतात. २०१९ च्या ‘रॅप-इट’ चाचणीत, सुमारे ७,००० रुग्णांत, या पिशवीमुळे वर्षभरातले मोठे संसर्ग १.२ वरून ०.७ टक्क्यांवर आले.