राणीछाप रुपयाला खरा भाव किती? आजीची पेटी उघडण्याआधी एवढं वाचा

‘तुमच्याकडं वाघाचं चित्र असलेलं १९४७ चं नाणं आहे का? मग तुम्ही लखपती!’ असा व्हिडिओ मोबाईलवर आला नाही असं घर सापडणं कठीण. खाली एक नंबर असतो. त्यावर नाण्याचा फोटो पाठवला की पलीकडून लगेच फोन येतो, माणूस गोड बोलतो, चार-पाच लाखांचा भाव ठरतो. पैसे पाठवायच्या आधी मात्र त्याला थोडी ‘नोंदणी फी’ हवी असते. नंतर जीएसटी, मग ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’. हजार-दीड हजारानं सुरू झालेली गोष्ट पन्नास हजारांवर जाते आणि नंबर बंद होतो.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरच केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, कुठलीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसं घेण्याचा अधिकार तिनं कुणालाही दिलेला नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे, असा व्यवहार नाण्यांच्या बाजारात नसतोच. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिनही लागत नाही. कुणी फसलंच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आणि ते वाघाचं नाणं? १९४७ चा रुपया निकेलचा आहे. चुंबक लावा, चिकटेल. चांदीचा त्यात कणही नाही आणि नाणी भरपूर पडली होती. संग्राहक ते आवडीनं घेतात, पण लाखात नाही.

फसवणुकीची दुसरी तऱ्हा याच्या उलट आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आमच्या घरातलंच सांगतो. आजीची रुपयांची माळ होती, अठरा रुपयांची. एका लग्नाच्या गडबडीत घरच्यांनी ती सोनाराकडं नेली, त्यानं ती तराजूत टाकली, ‘जुनी चांदी आहे, घट धरावी लागेल’ म्हणाला आणि तेवढ्यावर व्यवहार झाला. कुठल्या सालचे रुपये होते, कुणी पाहिलंसुद्धा नाही. माळेतल्या नाण्यांना टाके लावलेले असतात, त्यामुळं संग्राहकाच्या लेखी त्यांची किंमत तशीही उतरते हे खरं. पण घट कसली आणि किती, हे विचारायला आमच्यापैकी कुणाला काही माहीतच नव्हतं.

म्हणून पहिल्यांदा चांदीचा हिशेब. १८३५ पासून कंपनी सरकारनं सगळीकडं एकच रुपया चालू केला. त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तो हाच. त्यात शुद्ध चांदी सुमारे ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. हे प्रमाण विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असं करत थेट १९३९ पर्यंत तसंच राहिलं. तेव्हा चांदी समजा ग्रॅमला १०० रुपये असेल, तर असल्या एका रुपयात १,०६९ रुपयांची चांदी झाली. त्या दिवसाचा दर घालून हिशेब घरीच करून निघावं. याच्या खाली कुणी मागत असेल तर उठून यावं.

१९४० ते ४५ चा रुपया मात्र वेगळा. महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, पण चांदी ५.८३ ग्रॅम. जॉर्जचं डोकं आणि ‘१९४४’ बघून कुणी राणीछापाचा भाव मागू लागला तर समोरचा हसणारच. अधेली आणि पावलीचंही असंच, साल बघितल्याशिवाय बोलू नये. भोकाचा पैसा तर तांब्या-पितळेच्या जातीचा. तो गोड दिसतो, पण इतका पडला की आजही मूठभर सहज मिळतो.

चांदीच्या वर जो भाव मिळतो तो साल, टांकसाळ आणि नाण्याची स्थिती यावर. जुनं तितकं महाग, हा समज सोडा. १८४० सालचा राणीचा रुपया पावणेदोनशे वर्षांचा आहे, पण तेच साल ठेवून वर्षानुवर्षं नाणी पाडली गेली, त्यामुळं साधा झिजलेला रुपया चांदीच्या थोडाच वर जातो. याउलट १९३९ चा रुपया त्याच्यापेक्षा शंभर वर्षांनी लहान, पण चलनात फार थोडा आला. खरा सापडला तर संग्राहक रांग लावतात. अर्थात म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकणारेही आहेत.

१९११ च्या रुपयाची गोष्ट तर ऐकण्यासारखी. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर एका मानचिन्हाची साखळी आहे आणि त्यात हत्ती आहे. कोरणाऱ्यानं सोंड इतकी आखूड काढली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुस्लिम समाजातून ओरड झाली, सरकारनं नाणी मागं घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्तीला नीट लांब सोंड दिली. बाजारात आजही त्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. पेटीत पाचवा जॉर्ज निघाला तर भिंग घेऊन आधी साल बघा, मग सोंड.

भिंग हातात आहेच तर टांकसाळीची खूणही शोधा. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखालच्या फुलात बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. काही सालांत एका टांकसाळीचं नाणं सहज मिळतं आणि दुसरीचं शोधून सापडत नाही, म्हणून संग्राहक त्या ठिपक्यासाठी भांडतात. गिन्नीवरही अशीच एक खूण आहे. १९१८ साली मुंबईत ब्रिटिश सॉव्हरिन पाडले गेले, १२ लाख ९४ हजारांच्या आसपास. सेंट जॉर्जच्या घोड्याखाली, सालाच्या वर बारीक ‘आय’ अक्षर दिसतं. वजन ७.९९ ग्रॅम, बावीस कॅरेट. साध्या सॉव्हरिनला सोन्याच्या जवळपास भाव येतो, तसा याही गिन्नीला येतो. थोडा वर, इतकंच.

इंग्लंडमधलं कुणी नातेवाईक तिथली चांदीची नाणी आणत असेल तर तिथलं वर्षही ध्यानात ठेवा: १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२० ते ४६ निम्मी, १९४७ पासून रोजच्या नाण्यात चांदी नाहीच.

आता सगळ्यात मोठं नुकसान कशानं होतं ते. घासण्यानं! आपल्याकडं लक्ष्मीपूजनाला चांदीचे रुपये ताम्हणात घेऊन चिंच, राख, हल्ली टूथपेस्टसुद्धा लावून चकचकीत करतात. पूजेचे रुपये पूजेला राहू देत, त्यात काही चूक नाही. पण विकायचं नाणं असेल तर त्यावरचा काळपटपणा हा त्याचा जन्मदाखला असतो. राणीच्या केसांच्या रेषा, झग्यावरची नक्षी, जॉर्जच्या मुकुटाचे मोती हे किती शाबूत आहेत यावर भाव ठरतो. एकदा घासलं की त्या रेषांवर बारीक ओरखडे येतात आणि जाणकाराला ते लगेच दिसतात. न वापरलेलं नाणं आणि खिशात झिजलेलं नाणं, साल तेच असूनही, यांच्या भावात कितीतरी पटींचा फरक पडतो.

खोटी नाणी ओळखायला घरगुती तराजू पुरतो. शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. झिजलेला रुपया ११.५ ग्रॅमवर येऊ शकतो, पण दहावर आला किंवा बारा भरला तर संशय घ्यावा. काठावर जोडाची रेषा, पृष्ठभागावर बारीक फोड, बद्द आवाज ही ओतीव नाण्याची लक्षणं. जुनी माणसं रुपया दगडावर वाजवून घेत, ते उगाच नव्हे. मात्र चांगलं नाणं तसं आपटू नका, बोटाच्या टोकावर ठेवून हलकं टिचकावलं तरी कळतं.

हनुमान, राम-सीता किंवा कमळ असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ची तांब्याची नाणी तर कंपनीनं कधी पाडलीच नाहीत. ती अलीकडं बनवलेली टोकनं आहेत. ‘तांदूळ ओढतं’ म्हणून कोटींच्या गप्पा मारत ती दाखवणारा आला, तर चहाही विचारू नका.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबादच्या वाचकांच्या पेटीत होळकर, शिंदे, गायकवाड, निजामाची नाणी मिसळलेली असतील. ती निराळी काढा, त्यांचे भाव आणि गिऱ्हाईक वेगळे. देवास आणि धारच्या पवारांची तांब्याची नाणी मात्र दोन्हीकडची. १८८७-८८ च्या त्या नाण्यांवर एका बाजूला व्हिक्टोरिया आहे आणि दुसऱ्या बाजूला संस्थानाचं नाव. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची नाणी अक्षरांवरून वेगळी ओळखता येतात. गोव्यात १८८१-८२ चा दों लुईसचा रुपया निघाला तर तो वजनाला ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा आहे, चांदीच्या भावाची खालची मर्यादा तीच.

विकताना एकाच ठिकाणी जाऊ नका. कोल्हापूर, पुणे, मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथं दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, भाव लिहून घ्या, नाणं हातातून सोडू नका. चांगलं नाणं असेल तर लिलावात देता येतं. तिथं कमिशन विक्रीनंतर रकमेतून कापतात.

कायद्याचंही भान हवं. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं. ते परदेशी पाठवता येत नाही, लंडनच्या भाच्याच्या हातीसुद्धा नाही. शेत नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर तो पेटीतल्या नाण्यांसारखा आपला नसतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवून विकायला गेलेल्याचा हंडाही जातो आणि मागं खटला लागतो.