एक शब्द, दोन उंच्या

शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांना एक प्रश्न हटकून विचारीत असें : "गांवाची उंची सांगितलीत, पण ती मोजली कोठून?" "समुद्रसपाटीपासून," असें उत्तर येई आणि माझें समाधान होई. आज तेवढें उत्तर पुरत नाहीं.

समजा, सन २०१९ सारखा महापूर पुन्हां आल्यास पंचगंगेकांठचीं कोणतीं घरें पाण्याखालीं जातील, हें काढावयाचें आहे. जमिनीच्या उंचीचे आंकडे एका संस्थेच्या संगणकावर, पूररेषा काढण्याचें गणित दुसरीच्या, घरांचे नकाशे तिसरीच्या. दूर राहून वापरतां येणाऱ्या अशा प्रत्येक सोयीस 'सेवा' म्हणतात. सेवेस मागणी कशी करावी व उत्तर कोणत्या सांच्यांत यावें, याचे नियम ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्टियम ही संस्था ठरविते. गणित करणाऱ्या सेवांचा नियम सन २००७ मध्यें प्रसिद्ध झाला. परंतु हे नियम बोलण्याच्या रीतीचे. शब्दांच्या अर्थाचे नव्हेत.

खरी अडचण तेथेंच आहे. उपग्रहांच्या साह्यानें मोजलेली उंची मुळांत पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. आपल्या नकाशांवरील उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची. महाराष्ट्रांत या दोहोंत साठ मीटरांहून अधिक फरक पडतो. जमिनीची उंची पहिल्या रीतीची आणि पुराची पातळी दुसऱ्या रीतीची घेतली, तर टेकडीवरचें घरहि कागदावर बुडतें. उलट केलें, तर नदीकांठचें घर कोरडें राहतें! इतकी ढोबळ चूक निदान डोळ्यांस दिसते. पण जुन्या नकाशांचा एव्हरेस्ट लंबगोल १८३० चा आणि उपग्रहमापनाचा १९८४ चा. त्यांची गल्लत झाली, तर घर शेंकडों फूट सरकतें आणि कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

यावर योजलेला उपाय म्हणजे 'ऑन्टॉलॉजी'. तर्कसंग्रहांत आरंभींच सात पदार्थ सांगितले आहेत. वस्तूंच्या जाति आधीं ठरवाव्या, मग विचार पुढें न्यावा, अशी ती शिस्त. त्याचप्रमाणें एखाद्या विषयांतील कल्पना व त्यांचे परस्परसंबंध यंत्रास वाचतां येतील अशा रीतीनें स्पष्ट मांडणें, ही ऑन्टॉलॉजी. ती लिहिण्यासाठीं सन २००४ पासून ओडब्ल्यूएल नांवाची प्रमाणित भाषा आहे.

तिचे उपयोग दोन. पहिला शोधाचा : आपण 'पूर' म्हटलें व सेवेचें नांव 'जलमग्नता' असलें, तरी दोहोंचा संबंध नोंदलेला असल्यामुळें ती सांपडते. दुसरा जोडणीचा : प्रत्येक सेवा काय घेते व काय देते, हें अर्थासह लिहिलेलें असतें. एकीची 'लंबगोलापासूनची उंची' दुसरीच्या 'समुद्रसपाटीपासूनच्या उंची'शीं जुळत नाहीं, हें पाहून यंत्र थांबतें, किंवा मध्यें रूपांतर करणारी तिसरी सेवा शोधून बसवितें.

मात्र यंत्रास हें शहाणपण आपोआप येत नाहीं. शब्दांच्या अर्थांवर तज्ज्ञांचें एकमत व्हावें लागतें, आणि प्रत्येक सेवेचें वर्णन कोणीतरी कष्टानें, खरेपणानें लिहावें लागतें. वर्णनच चुकलें, तर निर्दोष तर्कानेंहि खोटी पूररेषा निघते. आणि ती रेषा ज्याच्या उंबऱ्यावरून जाते, त्यास हें सारें गणित कधीं दिसत नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, माझा जुना प्रश्न मी आतां यंत्रांसहि विचारूं इच्छितों : उंची सांगितलीत, पण ती मोजली कोठून?