मिनिटाला तीस वेळा, त्याहून जास्त नको

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालेली गाडी आंबा घाट लागायच्या आधी मलकापुरातून जाते. शाहूवाडीच्या पावसात रात्री ओला रस्ता आरशासारखा होतो आणि दुकानांच्या पाट्या वरही दिसतात, खालीही. मेडिकलचं हिरवं चिन्ह, मोबाइल दुकानाची पळती अक्षरं, हॉटेलचा लाल बोर्ड. या सगळ्यांतून ड्रायव्हरला एकच लाल दिवा हुडकायचा असतो, पुढच्या एसटीच्या ब्रेकचा.

गंमत म्हणजे या गोंधळाचा विचार नियमांत आधीच करून ठेवला आहे. राज्याची 2020 ची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मलकापूरसारख्या छोट्या नगरपरिषदेलाही लागू होते, आणि पाट्यांच्या बाबतीत ती राष्ट्रीय इमारत संहितेच्या दहाव्या भागाकडे बोट दाखवते. तो वाचताना वाटतं, लिहिणाऱ्याने आधी माणसाचा डोळा तपासला असावा.

लाल, पिवळसर किंवा हिरवी पेटती पाटी प्रकाशित वाहतूक चिन्हापासून 10 मीटरच्या आत लावायची नाही. नेमके सिग्नलचेच तीन रंग! पांढऱ्याखेरीज इतर कोणत्याही रंगाच्या प्रकाशाची पाटी दोन मजले किंवा 6 मीटर, यांतल्या जास्त उंचीच्या खाली असेल, तर सिग्नलला बाधा येऊ नये म्हणून तिला आडोसा हवा. आणि मला सर्वांत आवडलेला नियम उघडझाप करणाऱ्या पाटीचा: मिनिटाला 30 पेक्षा जास्त वेळा लुकलुकत असेल, तर तिचं खालचं टोक जमिनीपासून किमान 9 मीटर वर हवं.

तीसच का, याचं कारण संहिता देत नाही. पण गाडीचा इंडिकेटर मिनिटाला साधारण 60 ते 120 वेळा लुकलुकतो, हे ध्यानात घ्या. त्याच वेगाने, त्याच उंचीवर एखादी पिवळी पाटी मिचमिचू लागली, तर कोणीतरी वळतंय असं वाटणारच. डोळ्याच्या कडेला रंग आणि अक्षरं नीट कळत नाहीत, हालचाल मात्र चटकन जाणवते. म्हणून लुकलुकणारी पाटी वाचायची नसली तरी मान तिकडे वळते. ताशी 50 किलोमीटर वेगात दोन सेकंद मान वळली की गाडी जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते.

झगमगाटाचं गणित वेगळंच. प्रखर प्रकाश डोळ्यात शिरला की आतल्या भिंगात थोडा विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर फिकट पडदा पसरतो. वय वाढेल तसा हा पडदा दाट होतो, मोतीबिंदू असेल तर विचारूच नका. काळा रेनकोट घातलेला माणूस त्यामागे सहज हरवतो.

पाटी आणि सिग्नल ही तशी एकाच काळातली भावंडं. जॉर्ज क्लोद यांनी पॅरिसमध्ये निऑनचे दिवे मांडले 1910 साली, आणि अमेरिकेत क्लीव्हलँडच्या चौकात विजेचा सिग्नल लागला 1914 साली. निऑन वायूतून वीज गेली की प्रकाश पडतो तोही तांबूस लाल!

मोटार वाहन कायद्याचं कलम 116 इमारत संहितेच्या पुढे जातं. वाहतूक चिन्ह झाकणारी, त्याच्यासारखी दिसणारी किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारी जाहिरात काढून टाकण्याचा अधिकार राज्य शासन पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देऊ शकतं. संहितेनुसार मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत विजेच्या पाट्या बंद ठेवायच्या, सार्वजनिक सोयीला, आरोग्याला व सुरक्षेला लागणाऱ्या सोडून. हा नियम किती जण पाळतात, ते रात्री रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको.

10 मीटरचं अंतर आजच्या एलईडीपुढे तोकडंच आहे, असं माझं मत. ताशी 50 च्या वेगात ते पाऊण सेकंदही टिकत नाही. तेव्हा दुकानदारांनो, तिकटीवर पाटी लावायची असेल तर आधी नगरपरिषदेत परवानगी विचारा आणि बोर्डवाल्याला सांगा: प्रकाश पांढरा, न लुकलुकणारा, आणि रात्री कमी करता येईल असा द्या.