हातात हात, पण सीमेवर काय?

आमच्या शेवगावकडचा पोरगा फौजेत भरती झाला, की आई पहिल्यांदा विचारते, “बॉर्डर कुठली मिळाली?” चीनचे नाव निघाले, की जुनी माणसे १९६२ ची लढाई आठवतात.

पण याच चीनचे सैनिक आपल्या जवानांबरोबर बेळगावात सरावाला आले होते. बेळगाव आपल्या घरांना परके नाही. महार रेजिमेंट १९४१ साली तिथेच उभी राहिली. डिसेंबर २००८ चा तो सराव. मुंबईवरील हल्ल्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. दोन्ही देशांची एकेक तुकडी होती. सरावातला शत्रू एकच, अतिरेकी.

‘हँड-इन-हँड’ नावाचा हा सराव २००७ साली चीनमधील कुनमिंगला सुरू झाला. २०१४ आणि २०१६ साली तो पुण्याच्या औंधला झाला. २०१७ साली डोकलामला दोन्ही फौजा समोरासमोर ठाकल्या आणि सराव राहिला. पुढे २०१८ आणि २०१९ ला तो पुन्हा झाला. मग जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात आपले २० जवान कामी आले.

वाचकहो, अतिरेक्यांविरुद्ध वैऱ्याशीही हातमिळवणी करावी लागते, हे आम्हाला पटते. पण सीमेचा तंटा तसाच ठेवला, तर तो हात सुटायला वेळ लागत नाही. त्याची किंमत दिल्लीतली टेबले मोजत नाहीत, गावातली आई मोजते.