इन्सुलिनच्या झाडात इन्सुलिन नसतं

“रोज सकाळी एक पान चावा, मग सुई घ्यावी लागत नाही.” मधुमेह असलेल्या माणसाला हा सल्ला शेजारी देतो, पाहुणा देतो आणि मोबाइलवर फिरणारा निरोपही देतो. त्यासोबत ‘इन्सुलिन प्लांट’ची एखादी फांदी हातात पडते. कोकणच्या दमट हवेत ती चटकन जीव धरते, त्यामुळे श्रीवर्धनसारख्या वाड्यांच्या गावात सल्ल्यापाठोपाठ रोपही रुजतं. रोप रुजायला कुणाची हरकत नाही. सल्ला रुजतो, तिथे धोका सुरू होतो.

या झाडाच्या पानात माणसाच्या शरीरातलं इन्सुलिन नसतं. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे आणि ते स्वादुपिंडात तयार होतं. तोंडावाटे घेतलं, तर पाचकरस डाळीतल्या प्रथिनासारखे त्याचेही तुकडे करून टाकतात. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी ते वेगळं केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला दिलं, ते टोचूनच. पानात अगदी खरं इन्सुलिन असतं, तरी नुसतं चावून ते रक्तात पोचलं नसतं.

या सल्ल्याच्या बाजूने संशोधनाचे दाखले दिले जातात आणि ते खोटे नाहीत. मधुमेही केलेल्या उंदरांना या पानांचा अर्क दिल्यावर त्यांची साखर उतरल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. २०१३ साली भारतीय संशोधकांनी पानातून ‘इन्सुलिनसदृश’ प्रथिन वेगळं केल्याचंही प्रसिद्ध झालं. मात्र त्या प्रथिनाची रचना इन्सुलिनपेक्षा वेगळी आहे, हे त्याच शोधनिबंधात नोंदवलेलं आहे. निरोप पुढे ढकलणारे नेमकं हेच वाक्य गाळतात! प्रयोगशाळेतला मोजून दिलेला अर्क आणि परसातून खुडलेलं पान यांत फार अंतर आहे. माणसाने किती पानं, किती दिवस खावीत आणि त्यावर औषध थांबवावं का, हे ठरवण्याइतका पुरावा आज नाही.

“पण आमच्या ओळखीत एकाची साखर उतरली,” हे उत्तर ठरलेलं असतं. पान सुरू करणारा माणूस बहुतेक वेळा त्याच सुमारास भात कमी करतो, चालायला लागतो आणि गोळ्याही चालू ठेवतो. श्रेय मात्र पानाला मिळतं. बोटाला टोचून घेतलेला साखरेचा एकच आकडा जेवण, झोप आणि आजारपणाने वर-खाली होत असतो. दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ तपासणी केल्याशिवाय साखर आटोक्यात आली, असं म्हणता येत नाही.

टाइप १ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. अशा रुग्णाने पानाच्या भरवशावर सुई थांबवली, तर रक्तात आम्लं साठून काही दिवसांतच जीव धोक्यात येतो. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. इतक्या मोठ्या संख्येपुढे ‘करून बघायला काय हरकत आहे’ असं म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

काही किरकोळ गैरसमजही दूर व्हायला हवेत. हे झाड प्राचीन आयुर्वेदातलं नाही. ते मूळचं पूर्व ब्राझीलच्या वर्षावनातलं आहे. पावसाळ्यात कोकणात पांढऱ्या फुलांनी उठून दिसणारं पेव त्याचं नातलग खरं, पण ते वेगळं झाड आहे. ज्याच्याशी त्याची गल्लत होते, ते आयुर्वेदातलं कुष्ठ तर हिमालयातलं आणि निराळ्याच कुळातलं. इन्सुलिनचं झाड हा आल्याचा प्रकारही नाही: कूळ वेगळं, पानं खोडाभोवती जिन्यासारखी चढत जाणारी आणि आल्याचा वासही नाही. पान आंबट लागतं, म्हणजे औषधी असतं असं नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून ते निर्धोकही ठरत नाही. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत ते खाणाऱ्याने डॉक्टरांना तसं सांगितलंच पाहिजे.

शोभेचं झाड म्हणून मात्र ते जरूर लावावं. नारिंगी फुलं सुरेख दिसतात. मूळ जंगलात ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं, म्हणून पोफळीखालची गाळीव उन्हाची जागा त्याला मानवते. पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन पेरांचा खोडाचा तुकडा लावला किंवा कंद फोडून लावला, की नवं रोप होतं. पाणी साचलं तर कंद कुजतो आणि कडक उन्हात पानं करपतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळी आडव्या होऊन ज्या वाड्या उघड्या पडल्या, तिथे नव्या झाडांची सावली धरेपर्यंत थांबावं. वाडीतून उत्पन्न हवं असेल, तर मिरी, जायफळ आणि दालचिनी ही पोफळीच्या जोडीला पारखलेली पिकं आहेत.

मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी किंवा सुई बंद करू नये. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते, ती करून घ्यावी. आणि पुढच्या वेळी कुणी फांदी हातात दिली, तर ती कुंडीत लावावी, तो सल्ला मात्र पुढे पाठवू नये.