१९ ऑगस्टला कुणाची आठवण?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या भाचीच्या वहीत एक ओळ होती : '१९ ऑगस्ट – जागतिक मानवतावादी दिन'. "मामा, हीच तारीख का?" तिनं विचारलं. संयुक्त राष्ट्रांचा इतिहास हा माझा आवडता विषय, त्यामुळे मी सुरूच झालो.

१९ ऑगस्ट २००३. बगदादमधल्या कॅनल हॉटेलात संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय होतं. स्फोटकांनी भरलेला ट्रक इमारतीलगत उडवला गेला. २२ जण गेले.

त्यात होते संयुक्त राष्ट्रांच्या इराकमधल्या मोहिमेचे प्रमुख, ब्राझीलचे सर्जिओ व्हिएरा द मेलो.

१९६९ पासून ते निर्वासितांसाठी काम करत होते. बांगलादेश, सुदान, मोझांबिक. कंबोडियात साडेतीन लाखांहून अधिक लोकांना थायलंडच्या छावण्यांतून घरी परत आणायचं होतं. त्यासाठी ते नरसंहारासाठी कुख्यात असलेल्या ख्मेर रूज या गटाच्या म्होरक्यांशीही बोलायला गेले. मला त्यांचं हेच धाडस सर्वांत मोठं वाटतं. जळालेल्या पूर्व तिमोरचा कारभार सांभाळून २००२ मध्ये तो त्यांनी तिथल्याच लोकांच्या हाती दिला.

स्फोटानंतर सर्जिओ काही तास ढिगाऱ्याखाली जिवंत होते, बोलत होते. पण काँक्रीट हलवायला यंत्रसामग्री नव्हती. बचाव करणाऱ्यांनी एक हँडबॅग आणि पडद्याची दोरी घेऊन मलबा उपसला! हे वाचताना आजही माझा घसा दाटतो.

म्हणूनच २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९ ऑगस्ट हा जागतिक मानवतावादी दिन जाहीर केला.

कंबोडिया, तिमोर, बगदाद, यांतलं काहीही विचारा. कमेंटमध्ये सविस्तर लिहीन.